दीड दिवसाचा गणपती आणि एक डायफ्राम

शनिवारी, 7 सप्टेंबर 2024 ला, आमच्या अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या घरी गणपती बसले आणि रविवारी सकाळी सहाला मी लेकीला घेऊन भंगार शोधायला बाहेर पडलो. "पाचच्या आत घरात हवास. तुझ्या त्या घसरगाडीपायी विसर्जन अडलं तर बघ," असं बायकोने दारातच बजावलं होतं.

घसरगाडी म्हणजे 1974 ची स्की-डू इलान, बर्फावर चालणारी स्नोमोबाइल. झेंडूसारखी पिवळी, एका सिलिंडरची, 250 सीसीची टू-स्ट्रोक. शेजारच्या आजोबांनी घर विकताना "गॅरेजमधून तेवढी उचलून न्या" म्हणत जवळजवळ फुकटच दिली. सांगलीला काकांची येझदी उघडताना पाना धरायला मी असायचो, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल घालणारी गाडी म्हटली की माझा जीव उगाच विरघळतो.

दुखणं सरळ होतं. प्लग काढून आत चमचाभर पेट्रोल टाकलं की इंजिन चार ठसके देऊन मरायचं. म्हणजे करंट आहे, काँप्रेशन आहे, पेट्रोल चढत नाही. या गाडीला वेगळा पेट्रोल पंप नसतो, तो टिलॉटसन कार्ब्युरेटरच्या पोटातच असतो. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये एकदा ओढ आणि एकदा दाब तयार होतो. त्या धडधडीवर कागदासारखा पातळ डायफ्राम हलतो आणि पेट्रोल वर येतं. कार्ब्युरेटर उघडला तर डायफ्राम उन्हात विसरलेल्या पापडासारखा झाला होता. झडपेचं काम करणाऱ्या त्याच्या दोन इवल्या जिभा वर वळून बसल्या होत्या. वय झालंच होतं, त्यात इथल्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. मिनेसोटात जुन्या गाड्यांसाठी आणि स्नोमोबाइलसाठी इथेनॉलशिवायचं पेट्रोल वेगळं मिळतं, हे मला फार उशिरा कळलं. ऑनलाइन मागवलेला दुरुस्तीचा किट भलत्याच कार्ब्युरेटरचा निघाला, एक भोक जुळेल तर शपथ. मग ठरवलं, हे डेजला जायचं.

हे डेज म्हणजे शब्दशः गवताचे दिवस. लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, त्यानंतरच्या शनिवार-रविवारी नॉर्थ ब्रँच गावाबाहेर स्नोमोबाइलवाल्यांची जत्रा भरते. बर्फाचा पत्ता नसतो, म्हणून शर्यती गवतावर लावतात. आय-35 महामार्गाने उत्तरेला तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. कापलेल्या शेतात गाडी लावून दार उघडलं आणि तो टू-स्ट्रोकचा निळा वास आला. लेकीने नाक दाबलं. मी मात्र क्षणभर सांगलीत होतो.

आत शिरल्यावर पुण्याचा जुना बाजार आठवला. तोही रविवारी भरतो. तसेच ताडपत्रीवर मांडलेले ढीग, तशीच खोक्यात हात घालून उचकणारी माणसं. फक्त इथे चपला-घड्याळांऐवजी हुड, स्की, क्लच, पट्टे. आणि नावं तरी किती! पोलारिस आणि आर्क्टिक कॅट ही याच राज्याच्या उत्तर टोकाची मंडळी, रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्सची. पण शेजारी रप, याच राज्यातल्या क्रॉस्बी गावची स्कॉर्पिअन, हिरवी जॉन डिअर, इतकंच काय, हार्ले-डेव्हिडसनचीसुद्धा स्नोमोबाइल! 1970 च्या आसपास या धंद्यात शंभराहून जास्त कंपन्या होत्या. मग तेलाचा भडका उडाला, काही हिवाळ्यांत बर्फच नीट पडला नाही आणि बहुतेक सगळ्या बसल्या. मेलेल्या कंपनीची गाडी घेणाऱ्याचे हाल बघवत नाहीत. एक गृहस्थ रपच्या क्लचसाठी सकाळपासून वणवण करत होते.

त्या मानाने मी सुखी. स्की-डू कॅनडातल्या क्युबेकमधल्या व्हॅलकोर्टची. जोसेफ-आर्मां बोम्बार्डिएने 1959 मध्ये ती बाजारात आणली. नाव म्हणे स्की-डॉग ठेवायचं होतं, ग चा गोंधळ होऊन डू झालं. खरंखोटं देव जाणे. इलान 1971 पासून 1996 पर्यंत निघत राहिली, फारसा चेहरामोहरा न बदलता. आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरचीच बहीण.

हे मला सांगितलं ते ओव्हरऑल घातलेल्या एका आजोबांनी. "इलान आहे," एवढंच मी म्हणालो.

"इंजिन कुठलं? काय मोडलंय? आणलंय का?"

मी स्वयंपाकघरातली झिपची पिशवी पुढे केली. काकांची शिकवण, नमुना खिशात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढायची नाही. त्यांनी डायफ्राम उन्हात धरला, जिभांवर नख फिरवलं आणि हसले. मग ट्रेलरमध्ये गेले ते दहा मिनिटं आलेच नाहीत. मला वाटलं, विसरले. आले ते बिस्किटाचा एक डबा घेऊन. आत किट होता, पाकीट न फोडलेला. आमच्या नमुन्यावर ठेवून पाहिला, सगळी भोकं जुळली.

"त्यापेक्षा मिकुनीचा कार्ब्युरेटर बसवून टाका," शेजारच्या स्टॉलवाल्याने सल्ला दिला. "ती कटकट मिटेल."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मिकुनीला वेगळा पंप लावा, नवी नळी ओढा, केबल बदला. याची एक कटकट जाऊन तीन येतील." किटसकट बोगीच्या, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या चाकांच्या, दोन स्प्रिंगाही त्यांनी काढल्या, नव्वदच्या दशकातल्या इलानच्या. "बसतील. त्यांना माहीत नाही आपण वीस वर्षं धाकट्या आहोत."

चाळीस डॉलर सांगितले. मी तीस म्हणालो. लेक मध्येच म्हणाली, "बाबा, चार वाजले." आजोबांनी घाईचं कारण विचारलं. घरी देव आलाय, आज त्याला निरोप द्यायचाय, असं मी जमेल तसं समजावलं. "मग पस्तीस," ते म्हणाले, "आणि पळा."

पाच वाजून बारा मिनिटांनी घरी पोचलो. बायको काही बोलली नाही, फक्त बोट करून साबण दाखवला. आरती झाली, अंगणात टब मांडला, गणपती गेले. हाताचा पेट्रोलचा वास काही गेला नव्हता. प्रसादाची डाळ त्याच हातांनी खाल्ली.

रात्री साडेनऊला किट बसवला. दोरीला पहिले आठ-दहा झटके नुसते गेले, पण पारदर्शक नळीतून पेट्रोल मुंगीच्या पावलांनी वर सरकताना दिसत होतं. मग एक ठसका, आणि धरलं! गॅरेज निळं झालं. आतून आवाज आला, "अरे, दार उघड आधी!"

दार उघडलं. बाहेर हिरवंगार गवत आणि डास.