आमची वाटचाल : दुसऱ्या बरणीचा हिशेब

माझ्या मोठ्या बहिणीने आणि मी घरच्या स्वयंपाकघरात जॅम करून विकायला सुरुवात केली, तेव्हा कोणता स्वाद करायचा हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. ज्यांना विचारले त्यांनी स्ट्रॉबेरीचेच नाव घेतले, आणि म्हणून पहिल्या हंगामात आम्ही दुसऱ्या कोणत्याही फळाला हात लावला नाही. जॅम शिकण्यासाठी स्ट्रॉबेरी हे सर्वांत अवघड फळांपैकी एक आहे, हे आम्हाला पातेलीच्या पातेली वाया गेल्यावर समजले.

जॅम घट्ट धरतो तो पेक्टिनमुळे. फळांच्या पेशींना एकत्र बांधून ठेवणारा हा पदार्थ आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये वेगळा करून दाखवला. सफरचंद, पेरू आणि संत्र्याची साल यांत तो भरपूर असतो, स्ट्रॉबेरीत आणि पीचमध्ये मात्र बेताचाच. शिवाय पेक्टिन एकटे काही करू शकत नाही. मिश्रणाची आम्लता पीएच ३ च्या आसपास यावी लागते आणि साखरेचे प्रमाण साधारण ६५ टक्क्यांपर्यंत चढावे लागते, तेव्हाच त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि जाळे तयार होते. आम्हाला यातले काहीच ठाऊक नसल्यामुळे जॅम पातळ दिसला की आम्ही तो आणखी उकळत असू. त्यामुळे तो घट्ट होई खरा, पण त्याचा रंग विटकरी होई आणि फळाच्या वासाऐवजी करपत आलेल्या साखरेचा वास येई.

पुढे आम्ही फळे आदल्या रात्री साखरेत मुरवून ठेवू लागलो, लिंबाचा रस घालू लागलो, आणि एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त फळ पातेल्यात घ्यायचे नाही असा नियम केला. पातेले पसरट असले की पाणी लवकर उडते आणि फळाला कमी वेळ शिजावे लागते. तापमान १०५ अंश सेल्सिअसला पोहोचले की आच बंद करायची आणि फ्रीजमध्ये थंड केलेल्या बशीवर एक थेंब टाकायचा. मिनिटभराने त्याला बोटाने हलकेच ढकलले असता पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या पडल्या तर जॅम झाला. आता आमच्याकडे साखरेचे प्रमाण मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण आहे आणि त्यावरचा ब्रिक्सचा, म्हणजे साखरेच्या टक्केवारीचा, आकडा आम्ही प्रत्येक वेळी नोंदवतो, पण बहीण अजूनही बशी ठेवते आणि मला तिचेच बरोबर वाटते. बरण्या भरण्यापूर्वी दहा मिनिटे थांबून एकदा ढवळले की फळांचे तुकडे वर तरंगत नाहीत, ही युक्तीही आम्हाला त्याच हंगामाने शिकवली.

दुसऱ्या वर्षी बहिणीने हिशेबाच्या वहीत एक नवा रकाना आखला आणि त्यावर ‘पुन्हा’ असे लिहिले. जो ग्राहक तोच स्वाद दुसऱ्यांदा मागायला येईल, त्याच्यापुरती एक रेघ ओढायची, एवढेच त्यात होते. आमच्या व्यवसायाला वळण लावले ते या रकान्याने. तोंडाने सगळे स्ट्रॉबेरी म्हणत, पहिली बरणीही तीच नेत, आणि ती पुष्कळदा मुलांसाठी किंवा कोणाला भेट देण्यासाठी असे. स्वतःसाठी परत येणारे लोक मात्र जर्दाळूचा जॅम आणि संत्र्याचे मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला जॅम, मागत. मला याचे कारण आंबटपणात दिसते. नुसत्या गोडाची जीभ लवकर सवय करून घेते, पण गोडाखालून आंबट किंवा किंचित कडू चव वर आली की ब्रेडचा दुसरा तुकडा आपोआप उचलला जातो. कच्चे खाताना सौम्य वाटणारे जर्दाळू शिजल्यावर असे काही तरतरीत होते की, अनेकांना ते वेगळेच फळ वाटते.

मार्मालेडला आम्ही फार उशिरा हात घातला, याची मला खंत आहे. त्यासाठी संत्र्याची साल साखर घालण्यापूर्वीच इतकी शिजवावी लागते की ती चिमटीत दाबली असता सहज तुटली पाहिजे, कारण साखर पडल्यानंतर ती पुढे मऊ होत नाही. सालीखालचा पांढरा भाग आणि बिया आम्ही कापडात बांधून त्याच पाण्यात उकळतो. पेक्टिनचा साठा तिथेच असतो, त्यामुळे वरून काहीही घालावे लागत नाही.

जेलीच्या बाबतीत आमचा पहिला अनुभव कठीण होता. जॅममध्ये फळाचा गर असतो, जेलीत केवळ गाळलेला रस, त्यामुळे त्यात लपायला कशालाच जागा नसते. द्राक्षाची जेली नेलेले एक वयस्क ग्राहक चौथ्या दिवशी बरणी घेऊन परत आले आणि खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी आमच्यासमोर उघडली. आत चमकणारे बारीक खडे होते. “ताई, ही काच आहे, आणि आमच्या घरात लहान मुले आहेत,” असे ते म्हणाले, तेव्हा माझे हातपाय गार पडले. बहिणीने एका पेल्यात कढत पाणी घेतले, ते खडे त्यात टाकले आणि म्हणाली, “काका, पाच मिनिटे बसा.” ढवळता ढवळता खडे विरघळून गेले. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते आणि रस थंड झाला की त्याचा पोटॅशियमयुक्त क्षार स्फटिकांच्या रूपाने खाली बसतो. तो निरुपद्रवी आहे हे आम्ही त्यांना समजावले, पैसे परत केले आणि त्या घाण्यातल्या उरलेल्या सर्व बरण्या माघारी मागवल्या. तेव्हापासून द्राक्षाचा रस रात्रभर फ्रीजमध्ये निवत ठेवून, तळाचा साका न हलवता वरचा रस ओतून घेतल्याशिवाय आम्ही जेली करत नाही.

माझी स्वतःची आवड विचाराल तर पेरूची जेली. पूर्ण पिकलेल्या पेरूंना वास असतो आणि जरा कमी पिकलेल्यांत पेक्टिन अधिक असते, म्हणून आम्ही तीन भाग पिकलेले आणि एक भाग करकरीत असे घेतो. शिजवलेले फळ कापडात बांधून रात्रभर टांगायचे आणि थेंब थेंब गळू द्यायचे. घाईने ते पिळले की रस गढूळ होतो आणि मग कितीही गाळला तरी निवळत नाही. नीट जमलेली जेली सुरीने कापली तर कापलेली कड तशीच उभी राहते, आणि ती कड उजेडात धरून पाहण्याचा आनंद मला आजही पहिल्या दिवसाइतकाच होतो.

मधल्या काळात मसाल्यांची, फुलांची आणि दोन-तीन फळे एकत्र करून केलेली मिश्रणे आम्ही पुष्कळ करून पाहिली. त्यांतले सफरचंद-दालचिनी तेवढे टिकले. कमी साखरेची मागणी मात्र आम्ही मनावर घेतली. साखर ही जॅमला टिकवणारी गोष्ट आहे, ती केवळ गोडीसाठी नसते, हे ग्राहकांना सांगून आम्ही रास्पबेरीचा एक प्रकार लहान बरण्यांतच करतो. त्यासाठीचे पेक्टिन वेगळ्या जातीचे असते, ते साखरेऐवजी कॅल्शियमच्या आधाराने धरते, आणि ती बरणी उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावी असे आम्ही झाकणावरच छापले आहे.

या हंगामात आम्ही क्विन्स या सफरचंदाच्या कुळातल्या फळाची जेली हाती घेतली आहे. पोर्तुगीज भाषेत या फळाला ‘मार्मेलो’ म्हणतात आणि ‘मार्मालेड’ हा शब्द त्यावरूनच आला, म्हणजे मार्मालेड मुळात संत्र्याचे नव्हतेच. कच्चे असताना हे फळ चावता येत नाही इतके कठीण आणि तुरट असते, पण मंद आचेवर पुरेसा वेळ शिजले की त्याचा फिकट गर गुलाबी होत होत लालसर होतो आणि सगळे घर त्याच्या वासाने भरून जाते. परवा पहिल्या चोवीस बरण्या भरून झाल्या. बहिणीने वहीत त्यांच्यासाठी नवी ओळ आखली आहे, आणि तिच्यासमोरचा ‘पुन्हा’चा रकाना अजून कोरा आहे.