खलबत्ता, लाटणं आणि 18 पत्रं

माझ्या किशोर-कादंबरीच्या इंग्रजी मसुद्यासाठी मी साहित्यिक एजंट शोधतेय, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणारा माणूस. सात महिने, 18 पत्रं. त्यात 9 नकार, 7 ठिकाणी नुसती शांतता. एकाने हस्तलिखित वाचायचेच पैसे मागितले, त्याला लांबूनच नमस्कार. (एजंट पुस्तक विकलं गेल्यावर कमिशन घेतो, साधारण 15 टक्के. आधी एक रुपयाही नाही.) उरलं एक, त्याचं शेवटी सांगते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मराठीत आपण बाड उचलतो आणि थेट प्रकाशकाकडे जातो. मीही कादंबरी मराठीतच लिहिली, ठाणे-घणसोली लोकलमध्ये, जाता-येता. मग हौसेने इंग्रजी मसुदा केला आणि कळलं की अमेरिका-इंग्लंडातले बहुतेक मोठे प्रकाशक एजंटशिवाय दारात उभं करत नाहीत. म्हणून हा खटाटोप.

गोष्ट तीच आहे. नौपाड्यातली जुनी सोसायटी, आजी कमिटीच्या निवडणुकीला उभी, बाबा समोरच्या पॅनेलमध्ये, आणि दहावीतली मुक्ता आजीची प्रचारप्रमुख.

पत्रं मी तुकड्या-तुकड्यांनी पाठवते. पहिल्या 6 पत्रांत दोन घोडचुका झाल्या. 'अत्यंत विनोदी कादंबरी' असं मीच लिहिलं होतं. पाहुण्याला आधीच 'आमटी झकास झालीय हं' म्हणून सांगितलं, की तो मीठ शोधायला लागतो. दुसरी चूक जास्त महागाची. पत्र सुरू व्हायचं ते आजीच्या उमेदवारी अर्जापासून, आणि मुक्ता उगवायची थेट तिसऱ्या परिच्छेदात. किशोरांच्या पुस्तकाचं पत्र हे! एका एजंटबाईंनी नकारासोबत एक ओळ जास्तीची लिहिली: भाषा आवडली, पण हे पुस्तक नेमकं कोणाचं? ती ओळ वाचत बसले आणि घणसोली सोडून कोपरखैरण्याला उतरले.

आताची सुरुवात मराठीत सांगायची तर अशी: 'प्रिलिमला अकरा दिवस उरलेत आणि मुक्ताला निवडणुकीत बाबांना पाडायचंय. पाडलं तर बाबा बोलणार नाहीत, नाही पाडलं तर आजी.' 'विनोदी' हा शब्द आता फक्त शेवटी, शब्दसंख्येशेजारी. ती संख्याही 91,000 वरून 68,000 वर आणली; या वयोगटाला 50 ते 80 हजार चालतात. गच्चीवरच्या टाकीचा अख्खा इतिहास उडवला. दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही.

खरा घोळ झाला तो खलबत्त्याचा. मराठीत आजीची निशाणी खलबत्ता आणि घोषणा 'गळतीला ठेचा!' इंग्रजी मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, 'आजी केमिस्ट आहे का गं?' तिकडे खलबत्ता म्हणजे औषधाच्या दुकानाची खूण! तळटीप टाकून पाहिली, तर विनोद जागीच मेला. शेवटी इंग्रजीत आजीला लाटणं दिलं. विरोधकांना लाटून सपाट करणं कुठेही कळतं. मराठीत खलबत्ता कायम.

सिनॉप्सिस मात्र एका संध्याकाळी उरकला. एका पानात सगळी गोष्ट, शेवटासकट. 'शेवट पुस्तकातच वाचा' असली लाडीगोडी एजंटकडे चालत नाही.

तर ते एक पत्र. दुसऱ्या तुकडीतल्या एका एजंटने पहिली दहा पानं वाचून पूर्ण हस्तलिखित मागवलंय. पाठवून 23 दिवस झाले. तिसरी तुकडी मुद्दाम रोखून धरली आहे, कारण तिथून काही सूचना आल्या तर पुढच्यांना सुधारलेली प्रत जाईल. एकदा नाही म्हटलेला एजंट तेच पुस्तक सहसा पुन्हा बघत नाही.

घरात आनंद आहे, पण आई घुश्श्यात. पुस्तकातला खलबत्ता तिच्या ओट्यावरचा आहे, आणि परदेशात चाललंय लाटणं.