एव्हरग्रँड: बुडालेलं कर्ज आणि रांगेतली माणसं

सप्टेंबर २०२१ मध्ये पुण्याहून येणाऱ्या फोनवर एकच प्रश्न असायचा: चीनमधला कुठलासा बिल्डर बुडतोय, तर त्यात आमचा टाटा स्टील का पडतोय? २० सप्टेंबरला, सोमवारी, इथला, म्हणजे हाँगकाँगच्या शेअर बाजाराचा, हँग सेंग निर्देशांक तीन टक्क्यांहून जास्त घसरला आणि त्याच दिवशी मुंबईत धातू कंपन्यांचे शेअर आपटले. जगातलं निम्म्याहून अधिक पोलाद चीनमध्ये बनतं आणि त्यातलं पुष्कळसं तिथल्याच इमारतींमध्ये जातं. त्या इमारती बांधणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक कंपनी आता व्याज तरी भरेल का, अशी शंका आली की खाणीपर्यंत सगळे हादरतात.

ही कंपनी म्हणजे एव्हरग्रँड. शू जियायिन यांनी १९९६ मध्ये ग्वांगझूत सुरू केली, २००९ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात आणली. २०१७ मध्ये शू चीनमधले सर्वांत श्रीमंत गृहस्थ होते. फुटबॉल संघ, विजेच्या मोटारी, समुद्रात भराव घालून केलेली बेटं, काही म्हणून सोडलं नव्हतं. २०२१ पर्यंत देणी ३०० अब्ज डॉलरच्या वर गेली. त्याच्या आदल्या वर्षी सरकारने बिल्डरांच्या कर्जाला तीन मर्यादा घालून दिल्या होत्या. एव्हरग्रँड तिन्ही ओलांडून बसली होती. नवं कर्ज मिळेना, आणि जुनं तर नव्या कर्जातूनच फिटत होतं.

पण ३०० अब्ज हा आकडा ऐकून आपल्या डोळ्यांसमोर बँका आणि बाँडवाले येतात, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. या देण्यांचा फार मोठा भाग साध्या माणसांचा होता. चीनमध्ये बहुतेक नवे फ्लॅट बांधून व्हायच्या आधीच विकले जात. आपल्याकडे निदान स्लॅब पडेल तसे बँक पैसे सोडते. तिथे अनेकदा गृहकर्जाची सगळी रक्कम सुरुवातीलाच बिल्डरकडे जायची आणि घर कागदावर असतानाच हप्ता सुरू व्हायचा. हे पैसे वेगळ्या खात्यात राहावेत आणि त्याच प्रकल्पावर खर्च व्हावेत असे नियम होते, देखरेख स्थानिक सरकारांकडे होती. पण त्याच सरकारांच्या तिजोरीत मोठी रक्कम बिल्डरांना जमिनी विकून येत होती. मग लगाम कोण ओढणार? एका शहरातल्या ग्राहकाच्या पैशातून दुसऱ्या शहरात जमीन घेतली जायची.

शिवाय कंपनीने गुंतवणूक योजना विकल्या, आपल्याच कर्मचाऱ्यांना आणि घर घेतलेल्या ग्राहकांनाही. त्यात सुमारे ४० अब्ज युआन अडकले. शेन्झेनच्या मुख्यालयात लोक जमले तेव्हा रोख रकमेऐवजी स्वस्तात फ्लॅट किंवा पार्किंगची जागा घ्या, असाही पर्याय त्यांच्यापुढे ठेवला गेला. त्याच आठवड्यात उघड झालं की कंपनीच्या सहा वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपले पैसे मुदतीआधीच काढून घेतले होते. इतक्या वर्षांनीही हे लिहिताना मला संताप येतो.

माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या आईवडिलांनी निवृत्तीनंतर राहायला चीनमधल्या ह्वेइझोउ शहरात फ्लॅट घेतला होता. बिल्डर एव्हरग्रँड नव्हे, दुसराच. पण गोष्ट तीच. कोविडमुळे बंद असलेली सीमा उघडल्यावर मी तिच्याबरोबर तिथे गेले. सहा टॉवर उभे होते, वरपर्यंत नुसतं काँक्रीट, खिडक्यांच्या जागी भोकं, हिरवी जाळी फाटून लोंबलेली. विक्री कार्यालयाला कुलूप होतं आणि काचेतून प्रकल्पाचं मॉडेल दिसत होतं, त्यातली छोटी झाडं आणि पोहण्याचा तलाव तसाच. काकांनी मला तिसऱ्या टॉवरचा अकरावा मजला बोट दाखवून सांगितला. हप्ता ते दर महिन्याला भरत होते. जून २०२२ च्या अखेरीस जिंगदेझेन शहरातल्या एव्हरग्रँडच्या प्रकल्पातल्या लोकांनी काम सुरू झालं नाही तर हप्ते थांबवू असं जाहीर पत्र काढलं आणि ते लोण देशभरातल्या शेकडो प्रकल्पांत पसरलं. काकांना मात्र हप्ता चुकवायची हिंमत झाली नाही.

कंपनीचं पुढे काय झालं ते थोडक्यात: २९ जानेवारी २०२४ रोजी हाँगकाँगच्या उच्च न्यायालयाने ती अवसायनात काढली, म्हणजे मालमत्ता विकून, देणी भागवून ती बंद करायचा आदेश दिला. त्याच वर्षी चीनच्या शेअर बाजार नियामकाने सांगितलं की कंपनीच्या चीनमधल्या मुख्य उपकंपनीने २०१९ आणि २०२० मिळून ५६४ अब्ज युआनची खोटी विक्री दाखवली होती. शू यांच्यावर शेअर बाजारात आजन्म बंदी आली. २५ ऑगस्ट २०२५ रोजी शेअर बाजारातून नाव काढलं गेलं.

इथे हाँगकाँगमध्ये वित्तक्षेत्रातल्या ओळखीच्या लोकांची तक्रार असते की परदेशी बाँडधारकांना जवळजवळ काही मिळालं नाही. ते खरं आहे. त्यांचा दावा केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीवर, आणि जमिनी, इमारती सगळ्या चीनच्या मुख्य भूमीवर. शिवाय २०२२ पासून चीन सरकारचा जोर अर्धवट घरं पुरी करण्यावर आहे. आधी घर घेणारे, मग बाँडधारक, हा क्रम मला योग्य वाटतो. २३ सप्टेंबर २०२१ ला ज्या बाँडचं व्याज चुकलं, त्याचा दर सव्वाआठ टक्के होता. तेवढं व्याज घेणाऱ्याला धोका कळत असतो, त्याचीच तर ती किंमत असते. काकांनी कसलाही धोका विकत घेतला नव्हता, त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या.

म्हणून घरी फोनवर मी आता वेगळंच सांगते. पुण्यात किंवा ठाण्यात बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेत असाल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान उघडा, किती बांधकाम झालं आणि ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते पाहा. ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायची अट आपल्या कायद्यात आहे, आणि २०१८ पासून दिवाळखोरीच्या कायद्यात घर घेणाऱ्यालाही वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखाच कर्ज दिलेला, मानलं जातं. अडकलेल्या ग्राहकांनी कोर्टकचेऱ्या केल्या, रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे हा हक्क मिळाला. बिल्डरचं नाव कितीही मोठं असो, हा हक्क वापरायला संकोचू नका.