हरणांनी आधीच कापलेले शेत

मक्याच्या मुरघासात, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात, ऊर्जा भरपूर असते, पण प्रथिने जेमतेम सात-आठ टक्के भरतात, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी दुभत्या गाईंच्या गोठ्याला वर्षभर सोयापेंड विकत घ्यावी लागते. अमेरिकेतील नैऋत्य विस्कॉन्सिनमधील ज्या वृद्ध शेतकऱ्यांकडे मी खुराकाचा सल्लागार म्हणून जात असे, त्यांनी म्हणूनच एका वर्षी ओकच्या रानाला लागून असलेल्या शेतात मका आणि सोयाबीन एकाच ओळीत पेरले. जावयांना शिकारीचा नाद असल्यामुळे रानाकडच्या काही ओळी नोव्हेंबरच्या हंगामापर्यंत हरणांसाठी उभ्या ठेवायच्या, असेही घरात ठरले होते.

पेरणी विचारपूर्वक झाली होती. त्या भागात मक्याची एकरी बत्तीस-चौतीस हजार रोपे ठेवतात. सोयाबीनला ऊन मिळावे म्हणून येथे ती वीस हजारांच्या आसपास ठेवली होती. दोन्ही वाण ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे निवडले होते, आणि मक्यात सर्रास वापरले जाणारे दुसरे तणनाशक, अॅट्राझिन, सोयाबीन जाळते म्हणून ते कटाक्षाने टाळले होते.

सप्टेंबरात कापणीच्या सकाळी चारा कापणारा चॉपर बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा रस्त्यावरून पीक दृष्ट लागण्यासारखे दिसत होते. विदर्भात रोही, म्हणजे नीलगाई, सोयाबीनची काय गत करतात हे मी लहानपणापासून पाहिलेले असल्याने यंत्र सुरू होण्याआधी रानाच्या कडेपर्यंत जाऊन यावे, असे मला वाटले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही तेथे हरणांचे तोंड पोहोचू नये असा तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा तुलनेसाठी रोवून ठेवला होता. पिंजऱ्याच्या आत सोयाबीन मक्याच्या ताटांना बिलगून छातीपर्यंत चढलेले होते आणि शेंगांनी लगडले होते. बाहेर, हातभर अंतरावर, मक्याच्या बुडाशी वाळलेल्या काड्यांखेरीज काही उरले नव्हते. रोप बीजपत्रांच्या खाली कुरतडले गेले की त्याला पुन्हा फुटायला डोळाच राहत नाही, आणि ज्यांचे नुसते शेंडे खुडले गेले होते ती फुटली तरी तोवर वर गेलेल्या मक्याच्या सावलीत खुरटली होती. मक्याला मात्र स्पर्धाच न उरल्याने तो जोमात होता, म्हणूनच दुरून हे नुकसान कुणाच्या लक्षात आले नव्हते.

चॉपरचे भाडे चालू होते, त्यामुळे निर्णय तिथेच घेणे भाग होते. निरनिराळ्या ठिकाणी ओळीच्या ठरावीक लांबीतील झाडे कापून आम्ही दोन्ही पिके वेगळी तोलली. रस्त्याकडच्या भागात वजनाने साधारण पाचवा हिस्सा सोयाबीन निघाले, रानाकडच्या भागात जवळपास शून्य. हे सारे एकाच बंकरमध्ये, म्हणजे मुरघास साठवण्याच्या भिंतींच्या हौदात, भरले असते, तर रोज गाईंपुढे काय पडते आहे याचा हिशेबच लागला नसता. म्हणून मिश्र चारा प्लास्टिकच्या लांब पिशवीत आणि निव्वळ मका बंकरमध्ये भरण्याचे ठरले. सोयाबीनमध्ये साखर कमी असते आणि ते आंबण्यालाही विरोध करते. पण मक्याची साखर सोबत असल्याने पाचव्या हिश्शाची मला काळजी नव्हती. काळजी होती ती युरियाची. या गोठ्यात मक्याच्या मुरघासाबरोबर प्रथिनांची उणीव भरण्यासाठी खुराकात थोडा युरिया देण्याची जुनी पद्धत होती, आणि कच्च्या सोयाबीनमधील युरिएज विकर त्यापासून झपाट्याने गाईंना घातक असा अमोनिया मोकळा करतो. पिशवी उघडल्यावर युरिया पूर्ण बंद, हे मी गोठ्यातल्या फळ्यावर ठळक लिहून ठेवले.

जावई तेवढ्यात येऊन पोहोचले. 2002 साली विस्कॉन्सिनच्या हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा झिजवून मारणारा रोग आढळल्यापासून अशा भागांत दाणे टाकून हरणांना बोलावण्यावर बंदी आहे, शेतात उभे असलेले पीक मात्र चालते. त्यामुळे रानाकडच्या ओळी ठेवाव्यात, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. फक्त त्या ओळींत आता मकाच होता.

प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा पिशवीतील चाऱ्यात प्रथिने दहा टक्क्यांच्या जवळ आणि बंकरमधील मक्यात सातच्या वर भरली. पेंडीत बचत झाली, पण दुहेरी बियाण्याचा खर्च वजा जाता ती माझ्या मते फारशी नव्हती. पुढच्या वर्षासाठी मी दोन्ही कामे वेगळी करण्याचे सुचवले: मिश्र पेरा गोठ्यालगत, आणि रानाकडे हरणांसाठी सोयाबीनचा स्वतंत्र पट्टा, तोही शेंगा भरेपर्यंत विजेच्या कुंपणाआड. शेतकऱ्यांनी कुंपणाचा खर्च विचारला. जावयांनी विचारले, ते उघडायचे कोणत्या तारखेला.