माणच्या सोंडेवर आपोआप उडणारा ड्रोन: पैसे भरण्याआधी वाचा

आधी निकाल सांगतो, मग वृत्तांत. सपाट रान, गावठाण, पाझर तलाव यांचा नकाशा करायचा असेल तर ड्रोन एका कंपनीचा आणि तो आपोआप उडवणारं ॲप भलत्याच कंपनीचं, ही जोडी झकास चालते. डोंगरउतार असेल तर ॲपमधल्या ‘जमिनीनुसार उंची’ या बटणावर काडीचाही भरवसा ठेवू नका. ते बटण नक्की काय करतं हे जाहिरातीत कुठेही नाही. मदतीच्या पानांत तळाशी एका ओळीत आहे, आणि ते बटण उघडायला वरच्या दर्जाची वर्गणी घ्यावी लागते. मी हे सगळं मुख्यतः त्या एका ओळीसाठी लिहितोय.

ड्रोन हाताने नीट उडवता येतो, किमान तीन बॅटऱ्या आहेत आणि उन्हात कुसळांतून तासभर चढ चढता येतो, हे गृहीत धरलंय. यातलं काही नसेल तर आधी ते करा.

काम असं होतं. माण तालुक्यात महादेव डोंगररांगेच्या एका सोंडेवर जुने सलग समतल चर (पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) आहेत. काही गाळाने भरलेत, काही फुटलेत. मित्राच्या गावाला पावसाळ्याआधी कुठे किती खोदायचं याचा नकाशा हवा होता. पुण्याहून सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, मग मोगराळे घाट चढून दहिवडी. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सोंडेखालच्या तलावाचा आणि सपाट वावरांचा नकाशा तर इतका सहज झाला की त्याबद्दलही काही नाही. बटण दाबलं, ड्रोन गेला, फोटो काढून आला. त्या सकाळी मीसुद्धा ॲपचं तोंडभर कौतुक करत होतो.

आता सोंड. दोन्ही बाजूंना ओढे, मधे पाठ. ओढ्याच्या पात्रापासून पाठ पासष्ट-एक मीटर उंच. ॲपमध्ये क्षेत्र आखलं, ‘जमिनीनुसार उंची’ चालू केली, उंची ८० मीटर दिली. ॲपने कमीत कमी वळणं पडावीत म्हणून स्वतःच दिशा ठरवली आणि सोंडेला आडव्या, साधारण साडेचारशे मीटर लांबीच्या समांतर रेघा आखून दिल्या. पडद्यावर सगळं हिरवं. मी ओढ्यालगतच्या देवळापाशी उभा.

मदतीच्या पानातली ती ओळ ही: ॲप जमिनीची उंची फक्त वेपॉइंटवर, म्हणजे मार्गावर नेमून दिलेल्या बिंदूंवर बघतं. आणि नांगरटीसारख्या या रेघांत वेपॉइंट असतात फक्त दोन टोकांना. म्हणजे एक या ओढ्यावर, दुसरा त्या ओढ्यावर. दोन्हीकडे जमीन सारख्याच उंचीची, म्हणून दोन्हीकडे ड्रोन ८० मीटरवर. मधल्या सोंडेची ॲपला खबरच नाही. त्यामुळे माथ्यावर उरतात ८० वजा ६५, म्हणजे पंधरा मीटर. त्यातून बाभळी आणि हिवर वजा करा. खालून बघताना ड्रोन झाडाच्या शेंड्यांतून गेल्यासारखा दिसला आणि मित्राच्या चुलत्यांनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, शांतपणे विचारलं, “ह्यो असाच जातो व्हय?”

पंधरा मीटर हासुद्धा कागदावरचा आकडा. बहुतेक ॲपं ज्या उंचीच्या माहितीवर चालतात ती २००० सालच्या फेब्रुवारीत अकरा दिवसांच्या अवकाशयान मोहिमेत रडारने गोळा केलेली आहे. तिच्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण ३० मीटरचा चौकोन. एवढ्या चौकोनात अरुंद धार, कडा, ताल सगळं सरासरीत विरघळतं. अरुंद सोंडेचा माथा या माहितीत खऱ्यापेक्षा बुटका दिसतो. चूक नेमकी नको त्या बाजूला होते. अडथळे ओळखणारे सेन्सर आहेत की, असं कोणी म्हणेल. हलक्या ड्रोनांपैकी कित्येकांना ते फक्त पोटाखाली असतात.

माथा ओलांडून ड्रोन पलीकडे उतरला आणि सिग्नल गेला. जाणारच, मधे डोंगर आहे. इथे दुसरी गोष्ट कळली पाहिजे. फॅन्टम ४ प्रो, मॅव्हिक २ या जुन्या ड्रोनांत मिशन, म्हणजे आखलेलं अख्खं उड्डाण, ड्रोनच्या स्मृतीत भरता येतं, ९९ वेपॉइंटपर्यंत. मग सिग्नल गेला तरी ठरवलं असल्यास ड्रोन आपलं काम पुरं करू शकतो. छोट्या, हलक्या ड्रोनांपैकी बऱ्याच जणांत तशी सोय बाहेरच्या ॲपला मिळतच नाही. तिथे तुमचा फोनच क्षणोक्षणी ‘डावीकडे, पुढे, वर’ असे हुकूम पाठवत राहतो आणि ड्रोन निव्वळ कळसूत्री बाहुली असतो. दोरी तुटली की मिशन संपलं. ॲपच्या यादीत तुमच्या ड्रोनपुढे ‘चालतो’ एवढंच लिहिलेलं असतं, कुठल्या पद्धतीने चालतो ते लिहिलेलं नसतं. पैसे देण्याआधी ते विचारा. नव्या काही मॉडेलांसाठी बाहेरची ॲपं फक्त अँड्रॉइडवर चालतात, आयफोनवाल्यांनी तेही बघून घ्या.

सिग्नल तुटल्यावर ड्रोन घरी परततो, पण कुठल्या उंचीवरून? परतीची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, ड्रोनखालच्या जमिनीपासून नाही. ती सोंडेच्या माथ्यापेक्षा कमी ठेवलेली असेल आणि ड्रोन पलीकडच्या उतारावर खाली असेल, तर तो सरळ रेषेत डोंगरात घुसतो. आमचा ८० वर होता म्हणून पुन्हा त्याच बाभळींवरून कसाबसा आला. ओढ्यातून उडवायचंच असेल तर अशा ठिकाणी ११० मीटर ठेवा.

पण ओढ्यातून उडवूच नका. माथ्यावर चढा. ड्रोन, बॅटऱ्या, पाणी घेऊन घामाघूम होत चढा, कारण माथ्यावरून दोन्ही उतार दिसतात, सिग्नल तुटत नाही आणि परतीची उंची पन्नास मीटरही पुरते. फक्त आखणी करताना ॲपने ज्या बिंदूवरून उड्डाण धरलंय, प्रत्यक्ष तिथूनच उडवा. आखणी माथ्यावरची आणि उड्डाण सावलीसाठी वीस मीटर खालच्या लिंबाखालून, असं केलंत तर अख्खं मिशन वीस मीटर खाली येतं, आणि बरीच ॲपं त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

रेघांची दिशाही हाताने बदला. सोंडेला आडव्या नकोत, सोंडेच्या लांबीला समांतर, म्हणजे जवळपास समपातळी रेषेवर हव्यात. वळणं वाढतात, बॅटरी थोडी जास्त जाते, जाऊ दे. प्रत्येक रेघेवर पन्नास-साठ मीटरवर मधले वेपॉइंट घाला. ॲप घालू देत नसेल तर ते ॲप डोंगरासाठी कुचकामी, विषय संपला. शेवटी मार्ग केएमएल फाइल म्हणून बाहेर काढून गूगल अर्थवर टाका आणि आडवा छेद बघा. हे फुकट आहे, दहा मिनिटांचं आहे, आणि वर्गणीवाल्या बटणापेक्षा जास्त खरं बोलतं. तरी तिथलीही उंची अचूक नाही, म्हणून वर किमान तीस मीटर मोकळी जागा ठेवाच.

झाडाला धडकलं नाही म्हणजे भागलं असंही नाही. आडव्या रेघांच्या फोटोंचा नकाशा रात्री जोडला तेव्हा सोंडेच्या माथ्यावर नेमकं भगदाड. ८० मीटरवर ऐंशी टक्के ओव्हरलॅप (एका फोटोतला भाग पुढच्या फोटोतही येणं) धरून ॲप दर १७ मीटरला फोटो काढत होतं. पंधरा मीटरवर एका फोटोत पुढे-मागे मावते १६ मीटर जमीन. ओव्हरलॅप शून्य, शेजारच्या रेघांमध्ये तर चक्क फट. चर होते माथ्याजवळ. म्हणजे ज्यासाठी गेलो तेच नाही. मग दुसऱ्या दिवशी वरून, समांतर रेघांनी सगळं पुन्हा. तेव्हा नकाशा असा सुरेख निघाला की त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी खाताना मी पुढच्या वर्षी अख्ख्या रांगेचा नकाशा करायच्या बाता मारत होतो. ते मनावर घेऊ नका.

पैशांचं. दुकानात ॲप ‘मोफत’ दिसतं. मोफत दर्जात क्षेत्र इतकं लहान की शेततळंही जेमतेम मावतं. मोठ्या क्षेत्राला वर्गणी, जमिनीनुसार उंचीला त्याहून वरची वर्गणी, आणि फोटो जोडून द्यायला वेगळे क्रेडिट. किंमत डॉलरमध्ये, त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार, त्या आकारावर पुन्हा जीएसटी. महिन्याचे अडीच हजारांच्या वर गेले, ते अशा बटणासाठी की जे डोंगरात डोंगरच बघत नाही. तक्रारीला उत्तर आलं की मधले वेपॉइंट ‘वापरकर्त्याने आपल्या गरजेनुसार’ घालावेत. फोटो जोडायचे क्रेडिट तर अजिबात घेऊ नका. वेबओडीएम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, सोळा जीबी रॅमच्या संगणकावर दोन-अडीचशे फोटो रात्रभरात जोडतं.

‘जिथे थांबलं तिथून पुढे’ हे बटणही बघून घ्या. आमच्याकडे बॅटरी बदलल्यावर ते पहिल्या रेघेपासून पुन्हा सुरू झालं. उपाय एकच: क्षेत्राचे तुकडे करा, एक तुकडा म्हणजे बारा-तेरा मिनिटं, एक बॅटरी. डब्यावर ३१ मिनिटं लिहिलेली असोत, डोंगरावरच्या वाऱ्यात तीस टक्क्यांवर परत बोलवायचं ठरवलं तर हातात वीसच्या आतच उरतात. वारं दुपारी चढतं, म्हणून नऊ ते अकरा. त्याआधी सावल्या लांब आणि चर काळे दिसतात.

फोनवर नकाशा आणि उंचीची माहिती दहिवडीतच उतरवून ठेवा, वर नेटवर्क असेल-नसेल. ॲप उघडून लॉगिनही खालीच करून ठेवा, आमचं वर गेल्यावर परवाना तपासायला नेट मागत बसलं. मग फोन विमान मोडवर, नाहीतर मिशनच्या मधोमध कर्ज हवंय का म्हणून कॉल येतो. बॅटरी वाचवायची सेटिंग त्या ॲपसाठी बंद करा. उन्हात फोन तापला की पडदा मंद होतो आणि काही दिसत नाही. छत्री न्या, हसतील, हसू द्या.

वेग सेकंदाला पाच मीटरच्या वर नको, स्वस्त कॅमेऱ्यात फोटो तिरके ओढले जातात. आडवा, म्हणजे शेजारच्या रेघांमधला, ओव्हरलॅप सत्तर टक्के. सगळे फोटो सरळ खाली बघणारेच असतील तर उंचीच्या नकाशात मधे खोटा फुगवटा येतो, म्हणून शेवटी कॅमेरा थोडा तिरका करून एक फेरी जादा मारा.

कायद्याचं थोडक्यात: २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, क्षेत्रांचा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर बघायचा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, झोन मात्र त्यालाही लागू. कुठल्याही गडाच्या आसपास असाल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय पिशवीतून बाहेरही काढू नका. जिल्हाधिकाऱ्यांचा तात्पुरता बंदी आदेश आहे का, तेही बघा.

गावाचं त्याहून महत्त्वाचं. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, नगर, पुणे ग्रामीण भागात रात्रीच्या ड्रोनांची जी भीती पसरली ती लोक विसरलेले नाहीत. आदल्या दिवशी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा, एक माणूस गावातला बरोबर घ्या. आम्हाला पहिला प्रश्न “फवारणीचा हाय का?” आणि खुणेसाठी जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारल्यावर दुसरा, “परत मोजणी लावली का काय?” स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोन मोजणी झाली तेव्हा हद्दींवर चुनाच मारला होता, त्यामुळे चुना दिसला की लोक प्रॉपर्टी कार्ड काढतात. फुल्या मारा, पण आधी सांगून. आणि दोन फुल्यांमधलं अंतर टेपने मोजून घ्या, नकाशाचं माप बरोबर आहे का ते त्यावरून कळतं.

एवढं करून निघालेला नकाशा कुठला चर फुटलाय, कुठे गाळ आहे, कुठली ओघळ वाढतेय हे उत्तम दाखवतो. नवा चर आखायला तो वापरू नका. साध्या जीपीएसवर त्याची पातळी तेवढी भरवशाची नसते, आणि चरात इंचांचा हिशेब असतो. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वर्षांपासून या गावांत हायड्रोमार्कर, म्हणजे पाण्याच्या नळीने पातळी मोजायचं साधन, आहेत. दोन माणसं आणि पाण्याची नळी हे काम जास्त बिनचूक करतात, तात्यांनी ते मला तिथल्या तिथे करून दाखवलं.

आणि वर्गणी. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणून ती बंद होत नाही. काम झालं त्याच रात्री प्ले स्टोअरच्या खात्यात जाऊन रद्द करा, वेबसाइटवरून घेतली असेल तर तिथे जाऊन. रद्द झाल्याचा मेल आल्याशिवाय झोपू नका.