एक मिलिमीटरचा तुकडा: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचा माझा अनुभव

नऊ वर्षांचा मुलगा, लघवीतून पुन्हा पुन्हा रक्त आणि आता थोडी प्रथिनंही जाऊ लागलेली. मूत्रपिंडाची बायॉप्सी झाली तेव्हा मी ग्लुटराल्डिहाइडची, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी ऊती टिकवणाऱ्या रसायनाची, कुपी घेऊन शेजारीच उभी होते. दोऱ्याएवढा तो तुकडा डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली धरला, लालसर ठिपक्यांसारखे ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशिकांचे गुच्छ) दिसले, आणि तिथलाच एक मिलिमीटरचा तुकडा कापून कुपीत टाकला. उरलेला भाग साध्या मायक्रोस्कोपीसाठी फॉर्मॅलिनमध्ये आणि इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडांचे साठे शोधण्याची तपासणी) गेला.

एवढी दक्षता घेण्याचं कारण आधीची एक केस. तेव्हा सगळी बायॉप्सी फॉर्मॅलिनमध्ये गेली होती. नंतर पॅराफिन ब्लॉकमधून ऊती काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी केली. त्यातून प्रतिपिंडांचे साठे दिसू शकतात, पण बेसमेंट मेम्ब्रेन (ग्लोमेरुलसच्या केशिकांचा गाळणीसारखा पातळ पडदा) आकसून पातळ दिसते, आणि आमचा प्रश्न नेमका तिच्या जाडीचाच होता. ‘जाडी मोजता येत नाही’ असं रिपोर्टमध्ये लिहिताना मला फार वाईट वाटलं.

या मुलाच्या स्लाइड्स साध्या मायक्रोस्कोपखाली जवळपास नॉर्मल होत्या, नेहमीचं इम्युनोफ्लुओरेसन्सही निगेटिव्ह. म्हणजे सगळी भिस्त त्या कुपीवर.

ग्लुटराल्डिहाइड पेशींची रचना छान टिकवतं, पण आत फार हळू शिरतं. तुकडा मोठा असला तर मध्यभाग खराब होतो. पुढे ऑस्मियम टेट्रॉक्साइड. त्याची वाफ डोळ्यांना घातक, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच. ऊती कोळशासारखी काळी होते. मग पाणी काढून इपॉक्सी रेझिन भरायचं आणि ६० अंश सेल्सियसला दोन दिवस ओव्हनमध्ये ठेवायचं.

आधी एक मायक्रॉनचे सेमी-थिन काप, टोल्युइडीन ब्लूने रंगवलेले. पहिल्या ब्लॉकमध्ये नुसत्या नलिका. दुसऱ्यात दोन ग्लोमेरुलस सापडले, पण एक पूर्ण कडक झालेला, निदानासाठी निरुपयोगी. राहिला एकच.

त्या एकावर मी तीन दिवस घालवले. हिऱ्याच्या सुरीने सुमारे ७० नॅनोमीटरचे काप काढायचे. ते सुरीमागच्या पाण्यावर तरंगतात आणि जाडी त्यांच्या रंगावरून कळते: चंदेरी असेल तर बरोबर, सोनेरी म्हणजे थोडा जाड, जांभळा दिसला की टाकून द्यायचा. पहिल्या दिवशी कापांवर आडवे पट्टे उमटले, कंपनामुळे. टेबल हलू नये आणि श्वासाने काप उडू नये, एवढंच डोक्यात होतं. चंदेरी काप तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर उचलून घेतले, तरी लेड सायट्रेटने रंगवताना पहिल्या ग्रिडवर काळे कण बसले. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लेड कार्बोनेट तयार होतं. दुसऱ्या वेळी शेजारी सोडियम हायड्रॉक्साइडचे खडे ठेवून झाकण लावलं. काप स्वच्छ निघाला. नवख्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण हे कण प्रतिपिंडांचे साठे वाटून निदान चुकू शकतं.

मग अंधाऱ्या खोलीत पडद्यावर केशिकेचा पहिला लूप आला. मोठ्या माणसात ही मेम्ब्रेन साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटर जाड असते. लहान मुलात कमी, म्हणून वयाशी ताडून पाहावं लागतं. इथे ती एका ठिकाणी अगदी पातळ, लगेच पुढे फुगलेली, आणि तिथे तिचे थर फाटून टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले. या पडद्याला बाहेरून धरणाऱ्या पोडोसाइट पेशींचे पाय काही भागात एकमेकांत मिसळलेले. मला लगेच म्हणावंसं वाटलं, अल्पोर्ट: मूत्रपिंड आणि श्रवण बिघडवणारा आनुवंशिक आजार.

‘‘थांब गं, अजून दोन-तीन लूप बघ,’’ माझ्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. एका लूपवर मत बनवणं धोक्याचं. लहान मुलांमध्ये अल्पोर्टची सुरुवात नुसत्या पातळपणानेही होते आणि साध्या पातळ मेम्ब्रेनपासून ते वेगळं काढणं अवघड जातं. इथे मात्र प्रत्येक लूपमध्ये तीच वीण दिसली. रिपोर्टमध्ये लिहिलं: अल्पोर्ट सिंड्रोमशी सुसंगत, टाइप ४ कोलॅजनच्या (या मेम्ब्रेनमधलं मुख्य प्रथिन) जनुकांची तपासणी करावी.

फोन करून मुलाच्या डॉक्टरांना कळवलं. त्याला वर्गात नीट ऐकू येत नाही, अशी शाळेची तक्रार असल्याचं त्यांच्याकडून समजलं. त्याच आठवड्यात त्याची श्रवण तपासणी झाली, आणि आईची लघवीही तपासायला घेतली.