हैतीचा गोल

आज दुपारी १९७४च्या वर्ल्ड कपमधला हैती-इटली सामना पाहिला. सप्टेंबर १९७२पासून इटलीचा गोलकीपर दिनो झॉफने देशाकडून खेळताना एकही गोल खाल्ला नव्हता. आणि हैतीच्या इमॅन्युएल सानोनने त्यालाच चकवलं! पुढे इटली ३-१ने जिंकली, पण मी तो गोलच पुन्हा पुन्हा पाहत बसले.

मग इतिहास वाचला. गुलामांनी फ्रान्सशी लढून १८०४मध्ये स्वतंत्र केलेला हा कॅरिबियन देश. १८२५मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. जुन्या मालकांसाठी! भयंकर संताप आला. ते कर्ज फेडण्यात पिढ्या गेल्या.

हैती आता २०२६च्या वर्ल्ड कपसाठी पात्र ठरला, तोही मायदेशात हिंसाचार म्हणून ‘घरचे’ सामने कुरसाव या दुसऱ्या कॅरिबियन बेटावर खेळून. तारीख १८ नोव्हेंबर २०२५. स्वातंत्र्ययुद्धात १८०३मध्ये हैतीतल्या व्हर्तियेरला त्यांनी फ्रेंच फौजेला हरवलं, तोही हाच दिवस.